बोरसली, मौलसिरी, ओवळ आणि आपली बकुळ : नाव आलं कुठून?

वाडीकर

मंडळी, बडोद्यातल्या वाडी भागातली आमची सोसायटी जुनी आहे. निम्मी घरं मराठी, निम्मी गुजराती. पावसाळ्याआधी सगळ्या मोठ्या झाडांना नावाच्या पाट्या लावायचं बैठकीत ठरलं. कडुनिंब, चिंच, आसोपालव यांवर कुणाचं दुमत नव्हतं. अडलं ते फाटकाजवळच्या सदाहरित झाडापाशी. आमच्याकडची ज्येष्ठ मंडळी म्हणाली, "बकुळ लिहा, दुसरं काय?" शेजारचे काका म्हणाले, "आ तो बोरसली छे, बकुळ कोण ओळखतं?" एक सूनबाई भोपाळच्या आहेत, त्यांनी मौलश्री सुचवलं.

पाटीवर तिन्ही नावं मावतील, तो प्रश्न नाही. मला खरंच जाणून घ्यायचंय की एका झाडाला इतकी वेगळी नावं कशी पडली आणि त्यांचे अर्थ काय. काकांचं म्हणणं असं की फळ बोराएवढं असतं म्हणून बोरसली. घरात एकजण म्हणाला, फूल बगळ्यासारखं पांढरं म्हणून बकुळ. दोन्ही मनाला पूर्ण पटत नाही. जाणकारांनी लिहावं.

रोपवाटिका

नर्सरी चालवते, त्यामुळे नावांचा गोंधळ रोज कानावर असतो. बडोद्यात गिऱ्हाईक बोरसली मागतं. मराठी घरातलं असेल तर बकुळ. सरकारी निविदेचा कागद आला तर त्यात 'मिमुसॉप्स एलेंगी'. रोप तेच.

आधी बगळ्याचं बघू. बकुळीचं फूल बगळ्यासारखं शुभ्र नसतंच. ताजं असताना सायीच्या रंगाचं, दुपारपर्यंत पिवळसर, सुकल्यावर तपकिरी. हातात घेऊन पाहिलंत तर नखाएवढी चांदणी दिसेल, अरुंद पाकळ्यांची दाटी आणि मधोमध आरपार भोक. या झाडाची फुलं पाकळी-पाकळी गळत नाहीत. पाकळ्यांचं अख्खं कडं देठातून सुटून खाली येतं, म्हणून ते भोक. सुई लागत नाही, गवताच्या काडीतही ओवता येतात. सुकल्यावर रंग जातो, वास मात्र महिनोन्महिने राहतो. कपाटात, पेटीत ठेवायची पद्धत त्यामुळेच.

पानं चकचकीत, कडा लाटेसारखी, झाड बाराही महिने हिरवं. पानगळीत बोडकं होत नाही, म्हणून सोसायट्या हेच झाड मागतात. फळ मात्र खरंच बोराएवढं, पिकलं की नारिंगी, आत एकच चपटी चकचकीत बी. चव गोड पण तुरट, जीभ आवळून येते. त्यामुळे काकांच्या 'बोर' मध्ये काहीतरी असावं असं मलाही वाटत आलंय. नावाचं कोडं मात्र जुनीपोथी सरांनीच सोडवावं.

रामबाग_इंदूर

आमच्या इंदुरात नर्सरीत बकुळ मागितली तर माळी विचारात पडतो. मौलश्री म्हटलं की लगेच दाखवतो. लहानपणापासून ऐकलेला अर्थ असा की मौली म्हणजे मस्तक, त्यावरची श्री म्हणजे शोभा, गजरा म्हणून केसांत माळतात ती मौलिश्री. ऐकायला फार छान वाटतं. हे बरोबर आहे का?

कुडाळ_मकरपुरा

मूळचे आम्ही कुडाळचे, वडील नोकरीनिमित्त बडोद्यात आले. आमच्या घरात ना बकुळ ना बोरसली. आजी ओवळ म्हणायची. ओवळीची फुलं, ओवळीचा वळेसार, म्हणजे गजरा. यादीत हे चौथं नाव घ्या. ओवतात म्हणून ओवळ, असं आम्ही समजत होतो. शिवाय 'सोवळं-ओवळं' मधल्या ओवळ्याशी याचा काही संबंध आहे का? असेल तर फार विचित्र, कारण आजी हीच फुलं देवाला वाहायची.

जुनीपोथी

वाडीकर, प्रश्न फार जिव्हाळ्याचा काढलात. संस्कृत-प्राकृत शिकवण्यात आयुष्य गेलं, आणि या झाडाच्या नावांइतकं सुंदर उदाहरण वर्गात दुसरं मिळालं नाही. जरा सविस्तर लिहितो.

संस्कृतात शब्द आहे बकुल. तोच वकुल असाही लिहितात, आणि कोशांत मकुल हे रूपही मिळतं. पहिलं अक्षर असं ब-व-म मध्ये डोलायला लागलं की शब्द मुळात संस्कृताबाहेरून आला असण्याची शंका घ्यावी. तमिळमध्ये या झाडाला मगिळ म्हणतात, तेलुगूत पोगड. संस्कृतातला बकुल द्राविडी भाषांतून आलेला असावा असं मत अभ्यासकांनी मांडलंय, आणि मला ते पटतं. झाड दक्षिणेच्या आणि पश्चिम घाटाच्या रानात आपोआप वाढणारं, तेव्हा नावही तिकडून वर येणं स्वाभाविक. तमिळमध्ये मगिळ या शब्दाचा आनंद होणे असाही अर्थ आहे. दक्षिणेतल्या आळवार संतांमधले नम्माळवार यांना 'वकुलाभरण' म्हणतात, म्हणजे बकुळीची माळ ल्यालेले. तिथे या फुलाचा मान किती जुना आहे हे त्यावरून कळतं. बगळ्याचा मुद्दा इथेच संपतो. बक आणि बकुल यांचं फक्त लिहिण्यात साम्य आहे.

आता पुढची गंमत. प्राकृतात दोन स्वरांमधला क बहुधा गळून जातो. कोकिलचं कोइल झालं, त्यातून कोयल. नकुलचं नउल झालं, त्यातून हिंदीतला नेवला. त्याच रीतीने बकुलचं प्राकृत रूप बउल. ओडिया भाषेत आजही या झाडाला बउळ म्हणतात.

या बउलला मागे 'श्री' जोडा. झाडाफळांना श्री लावण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे, श्रीफळ आणि श्रीपर्णी घ्या. श्रीचं प्राकृत सिरी. बउल-सिरीचं झालं बोलसिरी, बोलसरी. हिंदी कोशांत बोलसरी हा शब्द मौलसिरीचा पर्याय म्हणून आजही सापडतो. आणि सुरुवातीचा ब जिथे म झाला, तिथे मउल-सिरी, म्हणजेच मौलसिरी.

राहिली बोरसली. 'बोलसरी' मधला ल आणि र यांची फक्त अदलाबदल करून पाहा.

वाडीकर

बो-ल-स-री, बो-र-स-ली! सर, अंगावर काटा आला. म्हणजे बोरसली आणि मौलसिरी एकच शब्द?

लष्कर_ग्वाल्हेर

सर, शंका विचारतो, राग नसावा. अशी अक्षरांची अदलाबदल खरंच होते की आपण जुळवून घेतो? कारण मग काहीही काहीपासून काढता येईल.

जुनीपोथी

राग कसला, ही शंका यायलाच हवी. अशा अदलाबदलीला व्याकरणात व्यत्यय म्हणतात. तिची नोंद करणारे आपल्या गुजरातचेच, पाटणचे हेमचंद्राचार्य. बाराव्या शतकात सिद्धराज जयसिंह याच्या काळात त्यांनी 'सिद्धहेमशब्दानुशासन' लिहिलं. त्याचा आठवा अध्याय पूर्ण प्राकृताला दिलेला आहे. त्यात ते सांगतात की वाराणसी या शब्दात र आणि ण जागा बदलतात, वाणारसी होते. त्यातूनच बनारस. अचलपूरमध्ये च आणि ल बदलतात, अलचपूर. वऱ्हाडातल्या मंडळींना एलिचपूर हे नाव ठाऊक असेल, ते त्याचंच. आणि महाराष्ट्र या शब्दात ह आणि र बदलतात, मरहट्ठ. 'मराठा', 'मराठी' हे शब्द त्याच वाटेने आले. आपण स्वतःला ज्या नावाने ओळखतो तेच अशा अदलाबदलीतून घडलंय, तेव्हा बोरसलीवर शंका घेण्याचं कारण उरत नाही. र, ल, ण, न ही अक्षरं जवळजवळ आली की जिभेवर जागा बदलतात. सगळीच अक्षरं बदलत नाहीत, म्हणून काहीही काहीपासून काढता येत नाही.

आता काकांच्या बोराबद्दल. 'बोर' धरलं तर उरलेल्या 'सली'चा अर्थ लागत नाही, आणि हिंदीतल्या बोलसरीचा तर मुळीच नाही. बकुलश्री धरलं की दोन्ही उलगडतात. ज्या व्युत्पत्तीने शेजारच्या भाषेतलं रूपही समजतं, तिच्यावर अधिक भरवसा ठेवावा.

इंदूरकरांची मौलिश्रीही याच कारणाने मागे पडते. शब्द मौलसिरी झाल्यावर, त्याचं मूळ विसरलं गेल्यावर, कुणीतरी त्याला पुन्हा संस्कृतचं वस्त्र नेसवलं. मौलसिरीची मौलश्री झाली आणि मग मौलिचा अर्थ त्यात वाचला गेला. केसांत माळण्याची गोष्ट खरी आहे, पण नाव त्यावरून पडलं नाही.

रामबाग_इंदूर

लहानपणापासूनचा अर्थ सुटला याचं थोडं वाईट वाटतंय, पण श्री राहिली, बरं झालं. ओवळबद्दलही सांगा ना.

जुनीपोथी

ओवळ मला सगळ्यांत जवळची वाटते. वकुल, वउल, ओउळ, ओवळ. तीच वाट, फक्त मागे श्री नाही. ओवणे या क्रियापदामुळे शब्द लोकांच्या तोंडी पक्का बसला असेल, फुलं ओवली जातातच, पण मूळ वकुलच असावं असं माझं मत. सोवळ्या-ओवळ्याशी काही संबंध नाही, आजीचं बरोबर होतं, बिनधास्त वाहा.

आणि म्हणूनच एक गोष्ट आपण मराठी माणसांनी ध्यानात घ्यावी. 'बकुळ' मध्ये क शाबूत आहे. लोकांच्या तोंडून हजार-दीड हजार वर्षं वाहत आलेला शब्द असता तर तो क टिकला नसता. म्हणजे बकुळ हा आपण पोथीतून पुन्हा उचललेला शब्द आहे, शेवटच्या ल चा तेवढा ळ केला. बोरसली, मौलसिरी, ओवळ हे मात्र रानातून, बाजारातून, अंगणातून आलेले. बैठकीत ज्येष्ठांना सांगा की बोरसली परकी नाही. उलट बकुळीचंच ते अधिक वापरलेलं, अधिक जगलेलं नाव आहे.

मधुगंध

सरांच्या प्रतिसादाला +१. बडोद्यातल्याच आयुर्वेद महाविद्यालयात शिकले, म्हणून थोडी भर. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात ओळ आहे : 'बकुलो मधुगन्धश्च सिंहकेसरकस्तथा'. मधुगन्ध म्हणजे मद्यासारखा वास असलेला, माझं इथलं नाव तिथूनच घेतलंय. सिंहकेसर म्हणजे सिंहाची आयाळ, फुलातल्या बारीक पाकळ्यांच्या दाटीमुळे असावं. पुढे गुण सांगताना 'दन्तगदापह' म्हटलंय, दातांचे विकार दूर करणारा. बकुळीची साल तुरट असते, दंतमंजनात घालतात ती याच उपयोगासाठी.

अमरकोशात तर 'केसर' हेच बकुळीचं नाव दिलंय, 'अथ केसरे बकुलो'. त्यामुळे जुन्या काव्यात केसर दिसलं की दर वेळी काश्मीरचं केशर समजू नये. मेघदूतात यक्षाच्या घरच्या बागेचं वर्णन आहे, तिथे लाल अशोक आणि शेजारी 'केसर' आहे. तो केसर म्हणजे बकुळ. अशोकाला यक्षपत्नीच्या डाव्या पायाचा स्पर्श हवाय आणि केसराला तिच्या मुखातली मदिरा, दोहदाच्या, म्हणजे झाडाच्या डोहाळ्यांच्या, मिषाने. सुंदर स्त्रीने मद्याची चूळ टाकली की बकुळ फुलते असा कवींचा संकेत होता. फुलाच्या वासात जी किंचित आंबूस गोडी आहे, तिच्यावरूनच तो संकेत निघाला असणार असं मला वाटतं. सकाळी ताज्या सड्याजवळ उभं राहिलं की पटतं.

लष्कर_ग्वाल्हेर

ताई, या कविसंकेतांची चर्चा राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त आहे ना? आणि ती पोथी पहिल्यांदा छापली गेली ती बडोद्यातच, 'गायकवाड ओरिएंटल सिरीज'चा पहिला क्रमांक म्हणून, १९१६ मध्ये. सयाजीराव महाराजांनी केवढं काम उभं केलं! आमच्या ग्वाल्हेरच्या मंडळींनाही त्या मालेतल्या पुस्तकांचा आधार असे.

मधुगंध

हो, तीच. कविसमयावर, म्हणजे याच कविसंकेतांवर, त्यात स्वतंत्र अध्याय आहेत. प्राच्यविद्या मंदिरात जाऊन बघता येईल.

रोपवाटिका

सर, ताई, मी आता गिऱ्हाईकांना हे सगळं सांगत सुटणार. शास्त्रीय नावाचंही सांगते, कारण त्यातही आपला माणूस आहे.

मिमुसॉप्स हा ग्रीक शब्दांचा जोड आहे, अर्थ माकडाचा चेहरा. फुलाचा आकार कुणाला तसा दिसला म्हणे. मला कधीच दिसला नाही आणि इतक्या नाजूक फुलाला हे नाव दिलेलं मला आवडतही नाही. 'एलेंगी' मात्र खास आपल्याकडचं. मल्याळीत या झाडाला इलञ्ञी म्हणतात. डच गव्हर्नर व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींवर 'होर्टुस मलाबारिकुस' हा १२ खंडांचा ग्रंथ करवला, तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला. त्यात हे झाड एलेंगी म्हणून आलं, आणि १७५३ मध्ये लिनियसने तेच नाव कायम केलं.

त्या ग्रंथासाठी इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्यांनी माहिती दिली, आणि त्यांच्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे तीन कोंकणी वैद्य होते. या तिघांचं प्रशस्तिपत्र १६७५ चं आहे आणि पहिल्या खंडात ते नागरी अक्षरांत छापलंय. कुडाळवाले दादा, तुमच्या आजीची ओवळ त्या वैद्यांनाही नक्की माहीत असणार.

कुडाळ_मकरपुरा

हे आईला वाचून दाखवलं. तिचे डोळे भरून आले. ती आता सगळ्यांना ओवळच म्हणा असं सांगतेय.

सुरसागर

उशिरा आलो. या निमित्ताने रायणीचंही कुणीतरी लिहा. तीही सदाहरित, तीही बकुळीच्याच कुळातली. उन्हाळ्यात बडोद्याच्या बाजारात पिवळी फळं येतात, सुकवलेलीही मिळतात. आम्ही घरात खिरणी म्हणतो.

जुनीपोथी

थोडक्यात सांगतो, कारण वाट तीच आहे. संस्कृतात राजादन, राजाने खावं असं फळ. ज आणि द गळाले, रायायण, मग रायण. खिरणी आली क्षीरिणीपासून, चीक दुधासारखा म्हणून. गुजरातीने राजाचं नाव ठेवलं, हिंदीने दुधाचं. पालिताण्याला शत्रुंजयावर आदिनाथांशी जोडलेला रायणवृक्ष जैन मंडळी फार पवित्र मानतात.

रोपवाटिका

आणि चिकूची कलमं बांधतात ती याच रायणीच्या खुंटावर. चिकू, रायण, मोह, बकुळ, चौघं एका कुळातली. पान तोडलं की पांढरा चीक येतो तो त्यामुळे.

लष्कर_ग्वाल्हेर

वाडीकर, तुमच्या गावाचं नावही झाडावरून आलंय, हे पाटीच्या बैठकीत सांगा. इ.स. ८१२ च्या राष्ट्रकूट ताम्रपटात 'वटपद्रक' हे गाव दान दिल्याचा उल्लेख आहे, वडाचं गाव. शेजारचं अकोटा म्हणजे तेव्हाचं अंकोट्टक, तेही अंकोल वृक्षावरून असं मानतात.

एक निरीक्षण मात्र राहून गेलं. गुजरातीत बकुल हे पुरुषाचं नाव असतं आणि आपल्याकडे बकुळ, बकुळा मुलीचं. इथे आमच्या कार्यालयात बडोद्याहून बदलून आलेले एक बकुलभाई आहेत. पहिल्यांदा फाइलवर नाव वाचून सगळे बाईंची वाट बघत होते.

जुनीपोथी

संस्कृतात झाड पुल्लिंगी आणि फूल नपुंसकलिंगी. गुजरातीने व्यक्तिनाम संस्कृतातून जसंच्या तसं घेतलं, म्हणून पुरुष. मराठीने झाडाला ती म्हटलं आणि मुलीला दिलं. सोन्याचा बकुळीहार घडवला तोही तिच्याचसाठी.

वाडीकर

काल बैठक झाली. सरांचा प्रतिसाद गुजरातीत सांगितला. काका आधी ऐकत नव्हते. बोलसरी-बोरसली कागदावर लिहून दाखवलं तेव्हा स्वतःच मोठ्याने म्हणून बघायला लागले आणि म्हणाले, "एटले के आपणुं एक ज छे." ज्येष्ठांनीही बोरसली मान्य केली. पाटीचा मजकूर असा ठरलाय :

बोरसली / बकुळ / ओवळ / मौलसिरी
चिकूच्या कुळातलं सदाहरित झाड
चारही नावं 'बकुल' या एका शब्दावरून

वर गुजराती लिपीत, खाली नागरीत. काही बदल सुचवायचा असेल तर शनिवारपर्यंत सांगा, मग रंगाऱ्याकडे जाईल.

जुनीपोथी

मजकूर उत्तम. फक्त मौलसिरी असंच ठेवा, कुणी मौलश्री करायला सांगितलं तरी करू नका.

रोपवाटिका

माझी एक विनंती. पाटी खोडाला खिळ्याने ठोकू नका आणि तारेने आवळूही नका. खिळ्याच्या जागी साल कुजते, आणि झाड जाड होत गेलं की तार सालीत रुतते. बकुळ सावकाश वाढते, त्यामुळे आज काही दिसणार नाही, पण जखम वर्षानुवर्षं राहते. जमिनीत लोखंडी पट्टी रोवून तिच्यावर पाटी उभी करा, बुंध्यापासून हातभर लांब. आणि तुम्ही पाठवलेल्या फोटोत बुंध्याला चिकटून फरशी दिसतेय. ती चारही बाजूंनी दोन-दोन फूट काढून माती मोकळी करा. पावसाळ्याआधीच करा, म्हणजे पहिलं पाणी मुळांना मिळेल.

वाडीकर

फरशी रविवारी काढतो. काकांनी पहार द्यायचं कबूल केलंय.